कॉटखालची पिशवी

कॉटखाली काहीतरी फडफडलं आणि सोमेश्वरला जाग आली. आधी वाटलं, उंदीर. जालन्यातल्या या खोलीत उंदरांचं नवल नव्हतं. भाडं तो आणि हरिओम द्यायचे आणि राहायचे उंदीर. पण उंदराची खुडबुड मध्येच थांबते, मग दुसऱ्या कोपऱ्यात सुरू होते. हा आवाज थांबत नव्हता आणि वाढतही नव्हता. एका जागी, बारीक, दम न घेता चालला होता. सोमेश्वरनं डोळे उघडले नाहीत. आवाज कशाचा ते त्याला कळलं होतं. पण माणूस डोळे मिटून पडलेला असतो तोवर कशाचीच खात्री झालेली नसते, आणि अशा खात्री न झालेल्या वेळात मुक्काम ठोकायची सोमेश्वरला गेल्या वर्षभरात चांगलीच सवय लागली होती. तिथं गारवा असतो. तिथं कोणी काही विचारत नाही. तो तसाच पडून राहिला. शेजारी हरिओमची कॉट रिकामी होती, अंथरुणाची घडी घातलेली. हरिओम सकाळीच कॉलेजात गेला होता, कारण आज कॉलेजात शेतकरी मेळावा होता. आणि मेळावा बघायला सोमेश्वरची आई केदारखेड्याहून येणार होती.

शेवटी त्यानं हात खाली घालून पिशवी ओढली. आईच्या जुन्या सुती साडीची पिशवी, जांभळ्या फुलांची, तोंडाशी नाडी ओवलेली. पिशवी हलत होती. नाडी सोडली तर आत पांढरं पांढरं वळवळत होतं. रेशमाचे पतंग. जाड अंगाचे, मळकट पांढऱ्या पंखांचे, काहींचे पंख अजून ओले आणि चुरगळलेले. ज्या कोषांतून ते निघाले होते ते कोष त्यांच्या पायांखाली पडले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला भोक होतं, भोकाच्या कडेला तांबूस डाग. शेतकरी याला कोष फुटले म्हणतात. फुटलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, जागोजागी तुटतो, म्हणून तो टाकून द्यायचा असतो. हे टाळायचं तर कोष वेळेवर उन्हात नाहीतर भट्टीत वाळवायचे, आतला जीव आतच मारायचा. मग तेच कोष महिनोन्‌महिने टिकतात. ओला कोष मात्र कोणासाठी थांबत नाही. हे सगळं सोमेश्वरनं गेल्या परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. या पतंगाला तोंड असून नसल्यासारखं असतं, बाहेर आल्यावर तो काही खात नाही, त्याला नीट उडता येत नाही, तो थोडे दिवस फडफडतो आणि मरतो, असंही लिहिलं होतं. उत्तर उत्तम आहे असा शेरा मिळाला होता.

एक पतंग नाडीवरून चढून त्याच्या मनगटावर आला. सोमेश्वरनं तो झटकला नाही. बघत राहिला. काल रात्रीपर्यंत या पिशवीतले कोष चांगले होते. म्हणजे त्याला तसं वाटत होतं. पिशवी उघडून बघायची हिंमत त्यानं केलीच नव्हती. काल झोपताना त्यानं ठरवलं होतं की सकाळी उठायचं, अंघोळसुद्धा करायची नाही, पिशवी उचलायची आणि थेट कॉलेजात, मेळाव्यात मांडलेल्या आपल्या टेबलावर नेऊन ओतायची. रेशीम विभागाचे शेजूळ सर म्हणाले होते, मेळाव्याच्या सकाळी आणलेत तरी घेईन, पण आणा. अहवाल मागून दिलात तरी चालेल. इतका भला माणूस. सगळे भलेच होते, हीच तर पंचाईत होती. एखादा खडूस मास्तर असता, एखादा मारकुटा बाप असता, तर सोमेश्वरला निदान बोट दाखवायला जागा असती.

खरं तर तुती त्याच्याच घरात त्यानंच आणली. पहिल्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत घरी गेला तो डोक्यात रेशीम घेऊनच. वडील रखमाजी आयुष्यभर कापूस लावणारा माणूस, शब्दाला महाग. सोमेश्वरनं त्यांना ओट्यावर बसवून तासभर समजावलं. फळ्यावर लिहावं तसं जमिनीवर खडूनं लिहिलं. रखमाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "तुझं लेकरू म्हणतंय तर लावू." मग तुती लागली, शेड उभं राहिलं, अळ्या आल्या. आईनं, पुष्पाबाईनं, आधी नाक मुरडलं. आयुष्यभर अळ्या मारायचं औषध फवारलं, आता अळ्या पाळायच्या म्हणे. पण पहिल्याच खेपेला ती त्यात अशी रमली की शेजारणी हसायला लागल्या. सोमेश्वरनं शिकवलं तसं ती शेडच्या दाराशी हात धुवायची, चपला बाहेर काढायची, पाला पुसून घ्यायची. अळ्या कात टाकायला लागल्या की त्यांना खायला द्यायचं नसतं, आवाज करायचा नसतो; तेव्हा ती शेडजवळ कोणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही. "माझ्या लेकानं सांगितलंय," हे तिचं शेवटचं उत्तर. त्या वेळचा सोमेश्वर हातात थर्मामीटर घेऊन शेडभर फिरायचा. तो मुलगा कुठं गेला, हे सोमेश्वरला कितीदा आठवूनही सापडायचं नाही. तो मेला नव्हता, भांडूनही गेला नव्हता. जरा वेळानं येतो म्हणून गेला आणि आला नाही.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं अळ्यांची एक बॅच स्वतः वाढवायची, तिचे निवडक कोष विभागात आणून द्यायचे, सोबत अहवाल, असा नियम होता. त्याशिवाय शेवटची परीक्षा नव्हती. बाकीची मुलं कॉलेजच्या शेडमध्ये पाळीपाळीनं काम करायची. सोमेश्वरनं सरांना सांगितलं, मी घरी करतो, घरचं शेड आहे. सर खूश झाले. तो घरी गेलाच नाही. येत्या शनिवारी जातो, असं दर शनिवारी ठरलं. तोवर अळ्या आल्या, त्यांनी काती टाकल्या, मोठ्या झाल्या, तुतीचा पाला फस्त करून जाळीवर चढल्या आणि कोष करून बसल्या. सगळं आईनं केलं. फोनवर विचारायची, "कधी येऊन राह्यला?" तो म्हणायचा, "इथं लई काम हाय गं." आणि काम नव्हतं असं कोण म्हणेल? या दिवसांत त्यानं खोलीतला पंखा खुर्चीवर उभं राहून पुसला. हरिओमचे कपडे धुतले. वेळेचं नियोजन कसं करावं यावरचे व्हिडिओ बघितले, एकामागून एक, उजाडेपर्यंत. लोक त्याला आळशी म्हणत असतील तर ते चुकत होते. आळशी माणूस सुखानं झोपतो. सोमेश्वरला झोपेतही कोणीतरी वाट बघतंय असं वाटायचं, आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. अहवालाचं पहिलं वाक्य त्यानं कितीदा लिहिलं आणि खोडलं. दहावीला पहिला आला तेव्हा केदारखेड्याच्या फाट्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. त्या फोटोतल्या पोराला शोभेल असंच वाक्य लिहायचं होतं. तसं वाक्य आज सुचत नसे. उद्या सुचेल असं वाटायचं, आणि ते वाटणं इतकं खरं असायचं की त्या रात्रीपुरता तो अगदी मोकळा होऊन जेवायचा.

मागं एकदा दुसऱ्या कॉलेजातल्या दोन मुली प्रश्नावली घेऊन वर्गात आल्या होत्या. विद्यार्थ्यांची चालढकल आणि त्यांचं मानसिक स्वास्थ्य, असा त्यांचा अभ्यासाचा विषय. महत्त्वाचं काम मी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मला स्वतःची लाज वाटते: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मुलं हसत हसत खुणा करून मोकळी झाली. सोमेश्वरला ती प्रश्नावली फार पटली. इतक्या नेमकेपणानं त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं. शांतपणे, विचार करून, खरं खरं भरावं असं त्याला वाटलं, म्हणून तो म्हणाला, "उद्या आणून दिली तर चालंल का?" त्यातली एक हसून "चालेल की," म्हणाली. कागद गादीखाली असेल अजून. त्या मुलींचा अभ्यास पुरा झाला असेल, त्यात टक्केवारी निघाली असेल, आणि त्या टक्केवारीत सोमेश्वर नसेल.

पिशवी रखमाजींनी आणून दिली होती. घरचा सगळा माल घेऊन ते जालन्याला कोषाच्या बाजारात आले तेव्हा परत जाताना खोलीवर डोकावले. वर आलेच नाहीत, खालूनच हाक मारली. "तुझ्या आईनं निवडून ठेवलेत," ते म्हणाले. "एक एक हातात धरून बघितला तिनं. आज-उद्यात देऊन टाक. जास्त ठेवू नको." पिशवी हलकी होती, पण सोमेश्वरनं ती दोन्ही हातांनी घेतली. वर येऊन त्यानं कॉटखाली सरकवली. आता अहवाल लिहून टाकू आणि सगळं एकदमच नेऊ, असं त्यानं ठरवलं, आणि ठरवण्यात गैर काय होतं? नुसते कोष घेऊन सरांसमोर गेलं तर ते विचारणार, अहवाल कुठाय. मग मान खाली घालावी लागणार. त्यापेक्षा एकदमच. हे एकदमच नेणं त्याला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. रात्री आईचा फोन आला. "उन्हात टाकले का रे?" "टाकले." "मुंग्या बघ बरं. मुंग्या लागत्यात." "गच्चीवर चादर टाकलीय, कडेनं खडूची रेघ मारलीय." हे खडूचं त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण सांगून झाल्यावर त्याला गच्चीवर पसरलेली चादर, तिच्यावरचे पांढरे शुभ्र कोष आणि भोवतीची रेघ इतकी स्वच्छ दिसली, की दुसऱ्या दिवशी ते कोष कॉटखाली आहेत हे आठवून त्यालाच धक्का बसला. आणि मग त्याच भरात तो बोलून गेला होता, "आई, टेबलावर पाटी राहणार हाय. वर माझं नाव आन् खाली तुझं. संगोपन, पुष्पाबाई." मग ती म्हणाली, "माझं कशाला रे." आणि थोड्या वेळानं, "मंग मी येऊ का बघायला?"

तिला थांबवायचं तर आत्ताच थांबवायला हवं होतं. सोमेश्वरनं फोन हातात घेतला. सकाळची बस राजूरवरून येते, अजून ती घरातून निघालीही नसेल, चहा ठेवत असेल. आई, येऊ नको, मेळावा पुढं गेला, एवढं एक वाक्य. किंवा खरंच सांगायचं. आई, कोष फुटले. तीन शब्द. तीन शब्द बोलायला असा किती वेळ लागतो? त्यानं फोन उघडला. त्यात कोणाच्या तरी लग्नाचे फोटो होते. कोणीतरी दुबईला पोचलं होतं. एक माणूस मातीच्या चुलीवर काहीतरी रांधत होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. सोमेश्वरनं तो सगळा स्वयंपाक होईपर्यंत बघितला. मग वाटलं, आधी तोंड धुऊन येऊ, म्हणजे आवाज झोपेतला वाटणार नाही. न्हाणीघर खाली अंगणात होतं. घरमालकीण नंदाबाई अंगण झाडत होती. "आज कॉलेजात जत्रा हाय ना तुमच्या?" ती म्हणाली. "हो." "मंग अजून हितंच?" "निघूनच राह्यलो." वर येऊन त्यानं बघितलं तर आईचा फोन येऊन गेलेला. म्हणजे ती फाट्यावर उभी असणार, बस दिसली की सांगायला केला असणार. आता ती निघाली. आता थांबवण्यात अर्थ नाही. हे लक्षात आलं तसं त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. एक काम हातातून गेलं की त्याला असंच बरं वाटायचं. थोडा वेळच.

पतंग आता पिशवीबाहेर आले होते. फरशीवर चालत होते, पंख थरथरवत गोल गोल फिरत होते. काही हरिओमच्या कॉटच्या पायावर चढले होते. एकानं सोमेश्वरच्या उशीवर तांबूस ठिपका सोडला. खोलीभर एक वास सुटला होता, शेडचा वास. तो वास आला की त्याला आईचे हात आठवायचे. पाला तोडून तोडून नखांच्या कडा हिरव्या पडलेल्या. लहानपणी शाळेत जाताना तिनं कधी त्याला जल्दी कर, असं म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, "होतंय, होतंय." बस सुटायच्या बेतात असली तरी होतंय. हे त्यानं तिच्याकडून तर घेतलं नाही ना, असा एक हलकट विचार त्याच्या मनात आला आणि त्याचा त्यालाच राग आला. तिचं होतंय आणि त्याचं होतंय यांत केवढा फरक होता. ती म्हणायची आणि होऊन जायचं.

हरिओमचा फोन आला. "आरं कुठं हाईस? तुझं टेबल रिकामं दिसून राह्यलं. सर दोनदा विचारून गेले." सोमेश्वर म्हणाला, "फुटले." पलीकडे लाउडस्पीकरवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. "सगळे?" "सगळे." "बरं, ऐक. माझ्याकडं लई हायेत. अर्धे तुझ्या टेबलावर मांडतो. कोणाला काय कळून राह्यलं? तू फकस्त ये. ज्याचं त्यानं टेबलापाशी उभं राहायचं, सही करायची, असं हाय. काकूला काय बी कळू देत न्हाई मी. बिलकुल टेन्शन घेऊ नको. ये जल्दी." सोमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं. शर्ट घालायचा, जिना उतरायचा, गांधी चमनवरून रिक्षा पकडायची. "आलोच," तो म्हणाला. "दहा मिनिटांत." त्यानं शर्ट घातला. खरंच घातला. वरचं बटण लावलं. मग कॉटवर बसला, चप्पल घालायला. आणि त्याला ते टेबल दिसलं. आई त्या टेबलासमोर उभी आहे, हरिओमचे कोष उचलून ओंजळीत घेते आहे, कोणा अनोळखी माणसाला सांगते आहे की हे मी केलेत, माझ्या लेकानं शिकवलं. आणि तो शेजारी उभा राहून हसतो आहे. ते हसू त्याच्या तोंडावर आत्ताच येऊन बसलं होतं. त्यानं हात फिरवून ते पुसलं. मग, खरं सांगायचं ना, आईला सगळं खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण तिथं, माणसांत नको. ती इथं येईल तेव्हा. म्हणजे चप्पल घालायची घाई नव्हती. त्यानं पाय वर घेतले.

हा हिशेब कसा चालतो ते त्याला माहीत होतं. इतकं माहीत होतं की तो दुसऱ्याला शिकवू शकला असता. काम दाराशी येतं तेव्हा ते लहान असतं, त्याला आत घ्यायला काही लागत नाही. पण त्याला थांब म्हटलं की ते दाराबाहेर उभं राहून वाढतं. रोज थोडं थोडं. मग एक दिवस असा येतो की दार उघडलं तरी ते आत मावणार नसतं. तरी माणूस थांबच म्हणत राहतो, कारण आता दुसरं म्हणण्यासारखं उरलेलं नसतं. सोमेश्वरला वाटायचं, हे सगळं ज्याला इतकं स्वच्छ दिसतं त्याला ते टाळताही आलं पाहिजे. पण दिसण्याचा आणि उठण्याचा काही संबंध नव्हता. दिसत होतं डोळ्यांना, उठायचं होतं पायांनी, आणि मधल्या सगळ्या सोमेश्वरमध्ये कोणी नव्हतंच जणू. त्यानं आपल्या पायांकडे बघितलं. चांगले धडधाकट पाय होते. बदनापूरपासून जालन्यापर्यंत पैज लावून चालत आलेले, पहिल्या वर्षाला.

दुपार झाली. फोन उशाखाली थरथरून थरथरून थांबला. पुन्हा थरथरला. हरिओमचा निरोप आला: काकू आल्यात. तुझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसल्यात. काय सांगू? सोमेश्वरनं लिहिलं, आलोच. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं नाही. रिकाम्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसलेली आई. टेबलावर हिरवं कापड असेल, त्यावर ती पाटी असेल. पाटी सरांनी आधीच करून घेतली होती, सुवाच्य अक्षरात, त्यानं ती बघितली होती. म्हणजे तिनं आपलं नाव वाचलं असेल. हळूहळू, बोट न लावता. वर मुलाचं, खाली आपलं, आणि समोर काहीच नाही. येणारेजाणारे विचारत असतील, कोष कुठायत? ती काय सांगत असेल? येऊन राह्यलाय, असं सांगत असेल. होतंय, होतंय. सोमेश्वरनं उशीत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं "शी" म्हटलं. त्यानंतर त्याला झोप लागली. असल्या वेळी झोप कशी लागते, असं कोणी विचारील. लागते. तीच एक गोष्ट त्याला हल्ली वेळेवर जमत होती, आणि तीही फक्त भर दुपारी.

तिच्या पावलांनी जाग आली. जिन्याच्या लोखंडी पायऱ्यांवर ती जपून चढत होती, एकेक पायरी, हातात काहीतरी जड. खालून नंदाबाईचा आवाज आला, "वर हाय बघा, सकाळी तोंड धुऊन गेला तो पुन्हा खाली उतरलाच न्हाई." सोमेश्वर उठला. दोन पावलांत दाराशी पोचला आणि आतून लावलेल्या कडीवर हात ठेवला. खोलीत सगळीकडे पतंग होते. फरशीवर, भिंतीच्या कडेला, त्याच्या गादीवर. काहींनी चादरीवर पिवळ्या बारीक अंड्यांचे ठिपके घालायला सुरुवात केली होती. आधी हे झाडून घेऊ, त्याच्या मनात आलं. एवढं झाडून घेतलं की उघडू.

दारावर थाप पडली. "सोमा." मग आणखी एकदा, "सोमा, मी हाय रे. झोपला का?" हात कडीवरच होता. कडी गार होती. "मी गेल्ते कालेजात. सर लई भले हायत तुझे. चहा पाजला मला, बसायला खुर्ची दिली." तिला धाप लागली होती. "जेवला का न्हाई तू? धपाटे आणलेत." पुन्हा थाप, या वेळी तळहाताची. मग तिचा आवाज बदलला. बारीक झाला, दाराच्या फटीशी आला. "सोमा, आवाज दे बाळा. नुसता आवाज दे. माझा जीव उडून राह्यला. न्हाईतर मी माणसं बोलावते." तेव्हा त्याला कळलं, ती काय समजली आहे ते. अशा बातम्या केदारखेड्यातही पोचतात. मुलं खोल्यांमध्ये काय काय करून घेतात, ते सगळ्या आयांना माहीत असतं. त्यानं ओठ ओले केले.

"हाय मी," तो म्हणाला. "अंघोळ करून राह्यलो आई. पाच मिनिटं."

न्हाणीघर खाली अंगणात आहे हे ती येतायेताच बघून आली होती. मग तिनं सोडलेला श्वास ऐकू आला, इतका मोठा की त्याला तो अंगावर आल्यासारखा वाटला. "बरं," ती म्हणाली. "कर. सावकाश कर." आणि ती दाराला पाठ टेकून खालीच बसली. लाकूड जरासं करकरलं. तोही आतून बसला, तिथंच, हात वर कडीवर ठेवून. दोघांच्या पाठींमध्ये एक फळी होती. ती बोलत राहिली, स्वतःशी बोलल्यासारखं. वडिलांचा खोकला बरा आहे. तुतीला पाणी द्यायचंय. शेजारच्या मीनाला मुलगी झाली, घुगऱ्या वाटल्या. सोमेश्वर सगळं ऐकत होता. दाराखालून तिच्या पदराची कड दिसत होती, आणि एक पतंग चालत चालत त्या फटीतून बाहेर गेला. त्यानं तो जाताना बघितला. हात लांबवला असता तर धरता आला असता. पतंग पदराच्या कडेवर चढला आणि ती कड वर उचलली गेली.

"फुटले का रे?" तिनं विचारलं.

त्यानं कडीवरची बोटं आवळली.

"फुटू दे," ती म्हणाली. "जीव होता त्यात. किती दिवस बसंल आत." आणि जरा वेळानं, "पुढच्या बॅचला करू आपण. तू नको येऊ, मी करते. तू फकस्त दार उघड."

आता उघडायला काहीच हरकत नव्हती. तिला सगळं कळलं होतं, तिनं सगळं माफ केलं होतं, सांगायचं काही उरलं नव्हतं. सोमेश्वरला हे स्पष्ट कळत होतं, आणि बोटं कडीवर तशीच होती. माफ केलेल्या माणसानं आईकडे कसं बघायचं असतं? एकदा चेहरा नीट केला पाहिजे. एकदा श्वास जागेवर आला पाहिजे. हे समोरचं ऊन हरिओमच्या कॉटच्या पायापर्यंत आलं की उघडायचं, असं त्यानं ठरवलं. ऊन कॉटच्या पायापर्यंत आलं. मग पायावर चढलं. बाहेर ती मधूनच खाकरायची, आपण आहोत हे कळावं म्हणून. मग बांगड्या वाजल्या, गुडघ्यावर हात टेकून उठतानाचा तिचा हुंकार आला. "सोमा, शेवटची बस चुकली तर तिकडं तुझे वडील एकटे," ती म्हणाली. "डबा हितं ठेवलाय. उंदीर लागायच्या आत घे." थांबली. "जाऊ ना मी?" पुन्हा थांबली, या वेळी जास्त. मग लोखंडी पायऱ्या वाजायला लागल्या, एकेक, जपून.

अंगणात नंदाबाई होती. तिनं विचारलं, "भेटला का हो लेक?"

"भेटला की," आई म्हणाली. आवाज अगदी मोकळा, हसरा. "पोटभर बोललो. अभ्यासाला बसला होता, म्हणलं नको उठू. डोळे बघा कसे झालेत वाचून वाचून."

सोमेश्वर ऐकत होता. डोळ्यांचं तिला कोणी विचारलं नव्हतं. हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. गच्चीवर चादर टाकलीय, खडूची रेघ मारलीय, असं सांगणारा. आजवर घरात तसा आवाज त्याला एकट्यालाच काढता येत होता. नंदाबाई म्हणाली, गुणाचं पोरगं आहे. आई म्हणाली, "हाय, हाय." मग खाली फाटकाची कडी वाजली. आता उठायचं, असं सोमेश्वरनं ठरवलं.